मेसच्या मावशी आणि डार्विनची पायी फेरी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. विसरलो होतो असं नाही. आधी बायकोला वाईट वाटेल म्हणून टाळलं, नंतर मुलीला वाटेल म्हणून, आणि मग नातीने शाळेत माझ्यावर एक प्रोजेक्ट केला म्हणून. दर वेळी कारण दुसऱ्या कोणाचं तरी असायचं. आता सत्तरी उलटली आहे. अजूनही कोणाच्या तरी भावना जपायला मी गप्प आहे, असं सांगायची मला लाज वाटते. तेव्हा लिहितो. ज्यांना माझा सत्कार करायचा आहे त्यांनी हे आधी वाचावं, आणि वाचून झाल्यावर माझी समजूत घालायला येऊ नये.

मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन गावात मुलीकडे राहतो. ती इथल्या हॉस्पिटलात काम करते. या गावात कोणी चालत नाही, दुधाची बाटली आणायलाही गाडी काढतात. अशा गावात मी लोकांना पायी फिरवतो. पाऊस संपून हवा कोरडी झाली की आमच्या फेऱ्या सुरू होतात, सकाळी, ऊन चढायच्या आत. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांनी या गावावर बॉम्ब टाकले होते. पोस्टातली माणसं कुठे मेली, धक्क्यावरचे कामगार कुठे मेले, तेल साठवायला डोंगराखाली बोगदे कुठे खणले, हे दाखवत किनाऱ्याकडेने जायचं. मोबदला म्हणजे एक टोपी आणि एक टी-शर्ट.

या कामाला मी लागलो तो माझ्या खोडीमुळे. मी इथे आलो तेव्हा वेळ जात नव्हता म्हणून त्या फेरीला गेलो, मग पुन्हा गेलो, आणि प्रत्येक वेळी गाईडला मध्येच थांबवून प्रश्न विचारले. फेऱ्या ठरवणाऱ्या बाई इथल्याच, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या शेवटी म्हणाल्या, "मेट, तू एवढं बोलतोसच, तर पुढे उभा राहून बोल."

पुढे उभा राहिलो तशी आमची भांडणं सुरू झाली. पहिलं भांडण लुटीवरून झालं. बॉम्ब पडल्यावर लोक गाव सोडून दक्षिणेला पळाले. मागे राहिलेली घरं आणि चिनी लोकांची दुकानं लुटली गेली. लुटायला जपानी आले नव्हते. हे सांगायला मी मुद्दाम एक थांबा ठेवला. बाईंना तो नको होता.

"खरं आहे रे सगळं," त्या म्हणाल्या. "पण माणसं सुट्टीवर आलेली असतात. सकाळी सकाळी हे कशाला?"

"सकाळी सकाळी बॉम्ब चालतात?"

त्या हसल्या. "बरं. एक वाक्य बोल."

मी एक वाक्य कधीच बोललो नाही. दुकानांतून काय काय गेलं, परत आलेल्या माणसांना काय सापडलं, हे सगळं सांगत राहिलो. आपल्याच माणसांनी केलेलं झाकून शत्रूने केलेलं दाखवायचं, तर गाईड कशाला हवा? एवढी ताठ भाषा मी रोज करत होतो. आणि फेरीच्या शेवटच्या थांब्यावर मी स्वतः तेच करत होतो.

तो शेवटचा थांबा म्हणजे समुद्रासमोरचा एक मोठा वड. तिथे प्रत्येक गाईडने आपल्या देशातल्या भीतीच्या दिवसांबद्दल सांगायचं, ही बाईंची कल्पना. आमच्यात समुद्रापलीकडच्या तिमोर बेटावरून पळून आलेली एक बाई आहे. ती तिच्या गावात शिरलेल्या सैन्याबद्दल सांगते. मी आणीबाणीबद्दल सांगायचो. निवडून आलेल्या सरकारनेच ती लावली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला, विरोधकांना खटला न चालवता तुरुंगात टाकलं. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. सरकारविरुद्धची सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं मी जेवणाच्या डब्यातून पोचवायचो. एकदा पोलिसांनी मला धरलं.

इथे मी थांबायचो. लोक टाळ्या वाजवायचे.

यातला एकही शब्द खोटा नाही. म्हणून तर ही गोष्ट इतकी वर्षं टिकली. बायकोला मी एवढीच सांगितली होती. मुलीने लहानपणी याच गोष्टीवर शाळेत भाषण केलं. इथे बाईंनी फेरी सुरू होते तिथल्या फलकावर माझा फोटो लावला आणि खाली लिहिलं, "हुकूमशाहीविरुद्ध लढलेले आमचे गाईड." तो फलक मी पाहिला आणि काही बोललो नाही. उलट नातीला त्याच्याशेजारी उभं करून फोटो काढला.

आता जिथे थांबायचो त्याच्या पुढचं.

पुण्यात मी एका मावशींच्या मेसचा डबा खायचो. विधवा बाई, दोन खोल्या, आणि दोन्ही वेळा पोरांच्या पंगती. ज्यांना येऊन बसायला जमत नसे त्यांना डबा मिळायचा. त्यांचा एकच कडक नियम होता. रिकामा डबा धुऊन त्यांच्या ओट्याशेजारच्या फळीवर आणून ठेवायचा, तरच पुढचा भरून मिळेल. त्यामुळे संध्याकाळी फळीवर डब्यांची रांग लागायची. प्रत्येकाच्या झाकणावर ऑइलपेंटने काढलेली खूण. माझी खूण हिरवी फुली.

मी रिकाम्या डब्याच्या तळच्या पुडात पत्रकं ठेवायचो आणि डबा रांगेत लावून यायचो. थोड्या वेळाने आमच्यातला दुसरा मुलगा येऊन आपलाच असल्यासारखा तो उचलून न्यायचा. डबा घेऊन जाणाऱ्या पोराकडे पुण्यात कोण बघतो? मला या युक्तीचा फार अभिमान होता. त्या पत्रकांत स्वातंत्र्य हा शब्द ओळीओळीत असायचा. जिच्या फळीवरून ती जात होती तिला एकदा विचारावं, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही.

पकडलो गेलो तो एकादशीला. कार्तिकी एकादशी. मावशींची मेस त्या दिवशी दोन्ही वेळा बंद असायची, चूल फक्त त्यांच्या स्वतःच्या वऱ्याच्या तांदळापुरती पेटायची. मी उपास-तापास मानत नव्हतो आणि त्याचाही मला अभिमान होता, त्यामुळे तिथी माझ्या लक्षात नव्हती. संध्याकाळी पत्रकं घातलेला डबा हातात घेऊन फळीवर ठेवायला निघालो. कोपऱ्यावर हवालदार उभा होता. त्याने डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"काय रे, कुठल्या मेसचा?"

मी सांगितलं.

"मावशींचा? आज एकादशी. मावशी आज डबा देत नाहीत, माझा भाचा जेवतो तिथं." त्याने डबा हातात घेऊन हलवला. "साबुदाणा तर वाजत नाही."

चौकीवर मला कोणी मारलं नाही. एक थप्पडसुद्धा नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत माझी ओळख करून देताना माझ्या पाठीवर वळ उठवले गेले आहेत, आणि मी ते उठू दिले आहेत. इन्स्पेक्टरने मला खुर्ची दिली. डबा टेबलावर उघडा ठेवला होता.

"हा कोणाचा?"

"मेसच्या मावशींचा."

"आणि कागद?"

मी म्हणालो, "मला काही माहीत नाही. डबा त्यांच्याकडून जसा मिळाला तसा मी नेत होतो."

हे वाक्य कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. ते तयार होतं. वाटेत, हवालदाराच्या मागून चालताना, मी ते मनात जुळवून ठेवलं होतं.

त्यांनी मावशींना आणलं. डोक्यावरून पदर, पायात चपला नाहीत. टेबलावरचे कागद पाहून त्या आधी माझ्यावरच उखडल्या.

"मेल्या, माझ्या डब्यात कागद भरतोस? उद्या त्यात मी आमटी घालणार होते!" मग इन्स्पेक्टरकडे वळल्या. "साहेब, मला वाचता येत नाही. मी कशाला असलं काही वाटत बसू?"

"वाचता येत नाही, पण वाटता तर येतं ना? हा मुलगा म्हणतो डबा तुमच्याकडून असाच आला."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं माझी काहीतरी चूक होते आहे. अगदी साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "अरे, सांग की यांना."

मी खाली बघत राहिलो.

सकाळी माझे काका आले. त्यांची वर कुठेतरी ओळख होती. मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. मावशींची वर ओळख नव्हती. त्यांना तुरुंगात नेलं आणि आणीबाणी उठत आली तेव्हा सोडलं. तोवर मेस गेली होती, घरमालकाने खोल्या दुसऱ्याला दिल्या होत्या. पुढे निवडणूक झाली, सरकार पडलं, आणि मिरवणुकीत माझ्यावर गुलाल उधळला गेला. मावशी कुठल्या पक्षाच्या नव्हत्या, म्हणून त्यांना कोणी बोलावलं नाही. नंतर एकदा त्या मला भाजी घेताना दिसल्या. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

आणीबाणीच्या बाजूचे किंवा विरुद्धचे कोणी हे लिखाण आपल्या कामाला घेतील, तर त्यांनाही सांगून ठेवतो, मला तुमच्या मंचावर नेऊ नका. ज्यांनी ती लादली त्यांचा हिशोब इतिहास करील. मावशींकडे बोट मी दाखवलं. ते सरकारचं बोट नव्हतं.

गेल्या जूनच्या शेवटी आमच्या मंडळाने फक्त मराठी माणसांसाठी फेरी ठरवली. आणीबाणी लागली ते हेच दिवस, म्हणून. मंडळाचा सेक्रेटरी गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर आहे, मूळचा ठाण्याचा. उत्साही पोरगा. सकाळी भेटल्या भेटल्या त्याने पिशवी उघडून दाखवली.

"काका, शेवटच्या थांब्यावर तुमचा छोटासा सत्कार. शाल सिडनीहून मागवलीय, वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून. नारळ मात्र सुपरमार्केटचा आहे, शेंडी नाहीये त्याला. चालेल ना?"

मी त्या गुळगुळीत नारळाकडे पाहिलं आणि ठरवलं. त्याआधी कितीतरी वेळा ठरवलं होतं, त्यामुळे माझा स्वतःवर फारसा विश्वास नव्हता. पूर्ण फेरीभर मी तेच चाचपत होतो. लुटीच्या थांब्यावर तर मला माझाच आवाज सहन होईना.

वडाखाली सगळे सावली पकडून उभे राहिले. मुलगी आणि नात पुढेच होत्या. फेऱ्या ठरवणाऱ्या बाईही फोटोसाठी आल्या होत्या. सेक्रेटरीने फोन वर धरून रेकॉर्डिंग सुरू केलं. मी नेहमीची गोष्ट सांगितली, पोलिसांनी धरलं इथवर आलो, आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत म्हणालो, "अजून संपलं नाही." मग उरलेलं सांगितलं. वर लिहिलं आहे तसंच, एकादशीसकट.

पहिल्यांदा नात बोलली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. "आजोबा, सो यू डॉब्ड हर इन?"

चहाडी करून दुसऱ्याला पकडून देणं, याला इथली मुलं तसं म्हणतात. शाळेत त्याहून मोठा गुन्हा नसतो.

"येस," मी म्हणालो.

"शू, गप्प बस," मुलगी तिला म्हणाली.

"गप्प कशाला? तिने बरोबर विचारलं."

एका बाईंचे वडील पुण्याहून आले होते, माझ्याच वयाचे. ते पुढे झाले. "अहो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तेव्हा सगळेच घाबरलेले होते."

"सगळे नव्हते. त्या नव्हत्या घाबरल्या. त्या चिडल्या होत्या."

"वय काय होतं तुमचं!"

"मतदान करायचं. पत्रकं वाटायचं. वय कमी होतं तर ते तेव्हाही कमी पडायला हवं होतं ना?"

"त्या माऊलीने तुम्हाला कधीच माफ केलं असेल बघा."

या वाक्याचा मला राग येतो. त्या दिवसापासून ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांतल्या बहुतेकांनी हेच म्हटलं. "त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका," मी म्हणालो. "त्यांच्या वतीने बोलून मी एकदा काय केलं ते आत्ताच ऐकलंत."

गृहस्थ बाजूला झाले. सेक्रेटरीने फोन खाली घेतला होता. हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, टेन्शन नॉट. शेवटचा पार्ट मी एडिट करून टाकतो. ग्रुपवर फक्त आधीचं टाकू."

"आधीचं काढ. शेवटचा टाक."

"आणि... शाल?"

"घरी ने. एसीत झोपताना उपयोगी पडेल."

तो हसावं की नाही अशा तोंडाने उभा राहिला. मला त्याचं वाईट वाटलं. पण ती शाल खांद्यावर घेणं मला शक्य नव्हतं आणि ते लपवणंही शक्य नव्हतं.

फेऱ्या ठरवणाऱ्या बाईंना मराठीतलं काही कळलं नव्हतं. त्यांना बाजूला घेऊन मी सगळं इंग्रजीत सांगितलं. परकी भाषा सोपी पडेल असं वाटलं होतं. पडली नाही.

"ओह, लव्ह," त्या म्हणाल्या. मग, "फलकावरची ओळ काढावी लागेल."

"आजच काढा."

"आणि फेऱ्या? तू थोडे दिवस विश्रांती..."

"नाही. फेऱ्या मी घेणार. हा थांबाही ठेवणार, आता सांगितला तसा."

"लोकांना ऐकायला आवडणार नाही."

"ज्यांना आवडणार नाही त्यांनी दुसऱ्या गाईडच्या दिवशी यावं. तुमच्या लोकांनी घरं लुटली हे मी वर्षभर सांगतोय. माझं सांगायची वेळ आली की मी आजारी पडू?"

त्यांनी मला काढलं नाही. ओळ मात्र गेली. आता फोटोखाली फक्त गाईड एवढंच लिहिलेलं आहे. प्रत्येक फेरीला मी ही गोष्ट सांगतो. काही जण ऐकतात, काही समुद्राकडे बघतात. एकदा एक माणूस मध्येच निघून गेला. टाळ्या वाजत नाहीत. मंडळाने दिवाळीला मला बोलावलं, पण पहिल्या रांगेत बसवलं नाही. हे बरं झालं. पंख्याखालची जागा मिळाली.

त्या दिवशी घरी जाताना मुलगी गाडी चालवत होती. तिने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"मी शाळेत भाषण केलं होतं, बाबा. तुमच्यावर. मला बक्षीस मिळालं होतं."

"माहीत आहे. मी पहिल्या रांगेत बसलो होतो."

"आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात."

"हो."

घर आलं, तिने गाडी आत घेतली, नात उतरून गेली. तिने इंजिन बंद केलं. मग ती म्हणाली, "त्या बाई आहेत अजून?"

"नाहीत. गेल्या."

"म्हणजे तुम्ही त्यांना कधीच भेटला नाहीत?"

आणि मला सांगावं लागलं, की भेटलो होतो.

बायको गेल्यानंतरच्या वर्षी मी पुण्याला गेलो होतो. मेसमध्ये जेवणाऱ्या एका जुन्या सोबत्याकडून पत्ता मिळाला. मावशी गावाबाहेरच्या एका इमारतीत भाचीकडे राहत होत्या. दार भाचीने उघडलं. मावशी आत कॉटवर बसून टीव्ही बघत होत्या, अगदी लहान झाल्या होत्या. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, "हिरवी फुली. ये, बस."

मी बसलो. भाचीने पाणी आणलं.

"इकडे कुठे?" मावशींनी विचारलं.

"सहज," मी म्हणालो.

त्यांनी भाचीला टीव्हीचा आवाज बंद करायला सांगितला. "सहज कोणी एवढ्या लांबून येत नाही," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. त्या खरंच थांबल्या. हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी मला बोलायला जागा करून दिली होती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

मी डार्विनच्या उकाड्याबद्दल बोलायला लागलो. मग मगरींबद्दल.

"खातात का रे ते लोक त्या?"

"खातात."

"शी," त्या म्हणाल्या. भाची हसली. मीही हसलो. चहा आला, चहा प्यालो. उठताना वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. दारापर्यंत मात्र आल्या, भिंतीला धरत.

"अजून काही?" त्या म्हणाल्या.

"नाही. येतो, मावशी."

मला म्हणायचं होतं ते असं होतं. मावशी, मी सहज आलो नाही. कागद माझे होते. तुम्हाला न विचारता मी ते तुमच्या डब्यात घातले, आणि पोलिसांसमोर तुमचं नाव घेतलं. मला कोणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं, मी स्वतःहून घेतलं. तुम्ही तुरुंगात गेलात ते माझ्यामुळे, मेस गेली ती माझ्यामुळे, आणि नंतर मी तुम्हाला ओळख दाखवली नाही. मी माफी मागतो. तुम्ही ती देऊ नका असं वाटत असेल तर देऊ नका, पण मी मागितली नाही असं होऊ नये.